मोगलाईची गोठ

आमच्या घरात 'मोगलाई' हा शब्द रागावण्याचा होता. न विचारता कोणी आंब्याच्या अढीला हात लावला, किंवा पंगतीत आधीच वाढून घेतले, की आजोबा करड्या आवाजात विचारत, "ही काय मोगलाई आहे?" मराठीत या शब्दाचा अर्थच तसा ठरून गेला आहे: बेबंदशाही, ज्याला कोणी धनी नाही असा कारभार. पुढे मी तीस वर्षे इतिहास शिकवला आणि वर्गात गोंधळ झाला की हाच शब्द माझ्याही तोंडी येत असे. हा शब्द आपण नेमक्या कुठल्या जागेवरून उच्चारतो, याचा विचार करण्याची वेळ निवृत्तीनंतर आली आणि ती डांगमध्ये आली.

डांग हा आज गुजरातचा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे सव्वादोन लाख असून दर शंभरांतील चौऱ्याण्णवांहून अधिक माणसे अनुसूचित जमातींची आहेत. त्यांत कोकणा, भिल्ल आणि वारली हे मोठे समाज आहेत. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा आणि कळवण तालुक्यांना तो लागून आहे, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना तेच कोकणा, तीच नागलीची भाकर, मार्गशीर्षात तोच डोंगऱ्यादेवाचा उत्सव. सुरगाण्याकडचा माझा एक जुना विद्यार्थी लग्नसंबंधाने डांगमधील एका गावाशी जोडलेला आहे. त्या गावाचे वनहक्काचे दावे तयार करण्याचे काम चालू होते, कागदपत्रे लावायला कोणीतरी हवे होते, म्हणून तो मला घेऊन गेला. तेथे ऐंशीच्या घरातील एका बाबांच्या ओटीवर बसलो असता ते म्हणाले, हे मोहाचे रान मोगलाईपासूनचे आहे. मोगलाई हा शब्द उच्चारताना त्यांच्या आवाजात जो ओलावा होता, तो आमच्याकडे 'माहेर' म्हणताना येतो.

मला तो शब्द पुस्तकातून ठाऊक असायला हवा होता. इतिहासकार अजय स्कारिया यांनी डांगच्या मौखिक परंपरेवर पुस्तकभर अभ्यास केला असून १९९९ साली तो प्रसिद्धही झालेला आहे. मी तो वाचला डांगहून परत आल्यावर, आणि हा क्रम चुकीचा होता. डांगमधील माणसे आपल्या भूतकाळाच्या कथांना 'गोठ' म्हणतात. आपल्या 'गोष्ट' या शब्दाचेच ते भावंड. या गोठींमध्ये काळाचे दोन मोठे भाग येतात, एक मोगलाई आणि दुसरा मांडिनी. मोगलाई म्हणजे रानातून मनासारखे हिंडण्याचा, शिकारीचा, मासेमारीचा, मोहफुलांचा, खालच्या मैदानी गावांतून गिरास नावाचा हक्क वसूल करणाऱ्या भिल्ल राजांचा काळ. मांडिनी म्हणजे गोऱ्या साहेबाने येऊन रान मोजले, सीमा मांडल्या, इथे शेत कसा आणि तिथे कसू नका असे सांगितले तो काळ. मोगल बादशहांशी या मोगलाईचा संबंध नावापुरताच. त्या नावाखाली डांगने आपल्या मोकळेपणाची आठवण ठेवली आहे.

या विभागणीचा मी पुष्कळ दिवस विचार करत राहिलो. मी मुलांना प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक असे तीन कप्पे शिकवले होते, आणि आधुनिक कप्प्याच्या मध्यावर १९४७ ची ठळक रेघ. डांगच्या गोठीत रेघ पडते ती ज्या दिवशी रानात सीमेचा पहिला दगड बसला त्या दिवशी. सत्ता कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली यापेक्षा मोहाच्या झाडापर्यंत जाता येते की नाही, हा तेथे काळ मोजण्याचा मापदंड आहे. पारतंत्र्य आणि स्वातंत्र्य या दोहोंत रानाचा पहारेकरी तोच राहिला असेल, तर त्या मापदंडाने मोजणाऱ्याला १९४७ साली नवे पान उलटल्यासारखे वाटेलच असे नाही. राष्ट्राच्या इतिहासाचा हा विरोध नव्हे. आपला काळ कोणत्या घटनेपासून मोजायचा, हे ठरवण्याचा अधिकार तेवढा डांगची माणसे स्वतःजवळ ठेवतात.

सरकारी कागदांतून हाच काळ वेगळा दिसतो. खानदेशात १८२५ साली भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम १८३० मध्ये डांगवर चालून आला आणि त्याने डांगच्या राजांना नमवले, असे इंग्रजी दप्तर सांगते. १८४२ साली कंपनी सरकारने या राजांकडून जंगल पट्ट्याने, म्हणजे भाडेकराराने घेतले, कारण मुंबईच्या गोदीत जहाजे बांधण्यासाठी सागवान हवे होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रानाची राखीव आणि संरक्षित अशी आखणी झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी तर डांगचा सगळा कारभारच जंगल अधिकाऱ्याच्या हाती गेला, आणि जो झाडे मोजणार तोच न्यायनिवाडाही करणार, अशी व्यवस्था आली. डांगची गोठ मात्र लष्कर्या आंबा नावाच्या ठिकाणी झालेल्या लढाईची आठवण सांगते. पाचही राजे तेथे एकत्र आले आणि इंग्रजांचा पराभव झाला, असे ती म्हणते. दप्तरात डांग हरतो आणि गोठीत जिंकतो.

शिक्षक म्हणून माझी पहिली प्रतिक्रिया अशी की यांतील एकच खरे असणार. आजही मी मानतो की घटना घडली की नाही हा प्रश्न सोडून देता येत नाही. परंतु तेवढ्यावर थांबलो तर गोठ काय सांगते आहे ते कानावरून निघून जाते. राजांनी रान विकले नाही, पट्ट्याने दिले, आणि ज्याने दिले तो मालक, हे ती सांगते आहे. याचा जिवंत पुरावा दर वर्षी होळीच्या आधी डांगचे मुख्य ठिकाण असलेल्या आहव्याला भरणाऱ्या डांग दरबारात दिसतो. दहेर-आमला, लिंगा, गाढवी, वासुर्णा आणि पिंपरी येथील राजांचे वारस, त्यांचे नाईक आणि भाऊबंद तेथे येतात आणि त्यांना शासनाकडून सालियाणा, म्हणजे ठरलेली वार्षिक रक्कम दिली जाते. १९७१ साली देशभरातील संस्थानिकांचे तनखे बंद झाले, तरी डांगच्या राजांचा सालियाणा चालू राहिला, कारण त्याचे मूळ जंगलाच्या पट्ट्यात आहे. पाहुण्यांना तो एक रंगीत सोहळा वाटतो. दरबारातल्या त्या रकमेकडे मी आता एका न संपलेल्या कराराची पावती म्हणून पाहतो.

येथे मला माझ्या घराकडे वळावे लागेल. माझे आजोबा मुंबई सरकारच्या काळात जंगल खात्यात नाकेदार, म्हणजे वनरक्षक होते आणि त्यांच्या नोकरीतील काही वर्षे डांगच्या रानात गेली. त्यांच्या मागे आमच्याकडे एक वही उरली आहे. त्यांच्या भागातील सीमेच्या दगडी बुरुजांचे क्रमांक, कोणता ढासळला, कोणावर चुना मारला, दोन बुरुजांमधील अंतर किती, असे सारे वळणदार मोडीमिश्रित अक्षरात नोंदवलेले आहे. लहानपणी ती वही आम्हाला शौर्यकथेसारखी वाटे. वाघाच्या रानात एकटा माणूस बुरुज तपासत हिंडतो, हे आमच्या घराण्याचे वैभव होते. आजोबा प्रामाणिक होते, हे मी आजही म्हणेन. त्यांची ती वही मी पिशवीत घालून डांगला नेली होती, पण ओटीवर बाबांसमोर दोन दिवस ती बाहेर काढली नाही. मांडिनीच्या गोठीतील ज्या माणसाविषयी बाबा बोलत होते, त्याचा पोशाख माझ्या आजोबांच्या फोटोतला होता.

बाबांच्या गोठीत नाकेदार येई तेव्हा कोंबडी द्यावी लागे, तूप द्यावे लागे, त्याचे ओझे पुढच्या गावापर्यंत वेठीने पोहोचवावे लागे. ते कोणत्या नाकेदाराविषयी बोलत होते, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आमच्या वहीत कोंबडी नाही, तूप नाही, ओझे वाहणारा माणूस नाही. वही खोटी नाही. जे मोजायला तिला सांगितले होते, तेवढेच तिने मोजले. राष्ट्राच्या दप्तरखान्यातील लाखो कागदांची स्थिती अशीच असते, आणि आपण त्या कागदांवरून इतिहास लिहितो.

अभ्यासकांच्या जगात रानातल्या या लोकांना काय म्हणावे यावर मोठा वाद झाला, आणि त्यातील एक बाजू आपल्या मुंबईत उभी राहिली. व्हेरिअर एल्विन हे इंग्लंडहून आलेले धर्मोपदेशक. सुरुवातीला ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात राहिले आणि नंतर मध्य प्रांतात बैगा आणि गोंड लोकांमध्ये स्थिरावले. बैगांवर लिहिताना, त्यांच्यासाठी बाहेरच्या हस्तक्षेपापासून दूर असे राखीव क्षेत्र असावे, असे त्यांनी १९३९ साली सुचवले. मालवणात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग घडवणारे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ मध्ये त्याला पुस्तकानेच उत्तर दिले. हे लोक वेगळे मूळ रहिवासी नसून मागासलेले हिंदू आहेत, असे त्यांचे म्हणणे. एकाला ते वेगळे जपायचे होते, दुसऱ्याला सामावून घ्यायचे होते. घुर्ये यांच्या विद्वत्तेविषयी मला आदर आहे आणि एल्विन यांच्या आयुष्याविषयी त्याहून अधिक. तरीही दोघांचे वाद वाचताना एक गोष्ट खटकत राहते की, प्रश्न 'त्यांचे काय करायचे' असा आहे आणि उत्तर देणारे आपण आहोत.

उत्तर देणारा आवाज त्याच दशकात घटना समितीत ऐकू आला. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे नेतृत्व करणारे जयपालसिंग मुंडा १९४६ च्या डिसेंबरात तेथे बोलायला उभे राहिले. जंगली म्हणवून घेण्यात आपल्याला अभिमान वाटतो, असे ते म्हणाले, आणि लोकशाही आदिवासींना शिकवायची गरज नाही, ती त्यांच्याकडून शिकायची आहे, असेही त्यांनी ऐकवले. 'आदिवासी' या शब्दासाठी ते आग्रही राहिले. संविधानाने मात्र 'अनुसूचित जमाती' हा शब्द घेतला. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मूळनिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला तेव्हा भारताने बाजूने मत दिले, पण भारतातील सगळेच लोक येथले मूळनिवासी आहेत, ही आपली जुनी भूमिका ठेवूनच.

या भूमिकेत तर्क नाही असे नाही. कोण आधी आले हे मोजत बसलो तर डांगमध्येच पंचाईत होते, कारण कोकणा समाजाचे नाव आणि परंपरा दोन्ही कोकणाकडे बोट दाखवतात. आपण तिकडून वर आलो, असे ते स्वतः सांगतात. मग ते मूळनिवासी कसे? या प्रश्नाला इतिहासकार डेव्हिड हार्डीमन यांनी दिलेले उत्तर मला पटते. आदिवासीपण आधी येण्यात नाही. एकोणिसाव्या शतकात बाहेरच्या सत्तेपासून बऱ्याच अंशी मोकळ्या असलेल्या समाजांचे रान, जमीन आणि स्वातंत्र्य एकाच रीतीने गेले, आणि त्या समान अनुभवातून 'आपण' अशी जाणीव तयार झाली, असे ते मांडतात. डांगच्या शब्दांत सांगायचे तर ज्यांच्यावर मांडिनी आली ते आदिवासी. बाबांनी ही व्याख्या कोणत्याही ग्रंथाशिवाय ओटीवर केली होती. कोकणा, भिल्ल, वारली यांची दैवते आणि सोयरिकी वेगळ्या असल्या तरी 'बुरुजाच्या आतले सगळे एक', असे ते म्हणाले होते.

हार्डीमन यांचेच दुसरे काम आपल्या किनाऱ्याजवळचे आहे. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छीमार कोळ्यांमध्ये देवी अंगात येण्याचा एक प्रवाह सुरू झाला. तो डोंगर चढून सुरगाण्याकडे आणि डांगमध्ये आला आणि तेथून सुरत जिल्ह्यात उतरला. मांडवात बसलेल्या माणसांच्या तोंडून देवी आज्ञा देई: दारू सोडा, ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या गुत्तेदाराकडे कामाला जाऊ नका. पुढे काही ठिकाणी त्यांत गांधीजींच्या नावाने शपथ घेण्याचीही आज्ञा मिसळली. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात हा प्रसंग येत असे तो गांधीवादी कार्यकर्त्यांच्या समाजसुधारणेचे फळ म्हणून. हार्डीमन यांनी गावोगाव म्हातारी माणसे गाठली, त्यांच्या आठवणी नोंदवल्या आणि दाखवून दिले की कार्यकर्ते नंतर आले. कर्जात आणि दारूत अडकवणाऱ्या गुत्तेदारांविरुद्ध हा निर्णय लोकांनी स्वतः घेतला होता. मी शिकवत असे त्या धड्यात देवी नव्हतीच, फक्त दारूबंदी होती. बोलणारी माणसे वगळून त्यांच्या बोलण्याचा परिणाम तेवढा आम्ही शिकवत होतो.

मराठी माणूस म्हणून एक गोष्ट येथे स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण डांगचा विषय निघाला की आपल्याकडे सीमाप्रश्नाचीच आठवण निघते. १९४९ मध्ये मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी डांगचा दौरा केला आणि तेथील भाषा गुजरातीला जवळची ठरवली. मराठी बाजूने त्याविरुद्ध मोठे वादळ उठले, आणि १९६० साली डांग अखेर गुजरातकडे गेला. आमच्या घरातही या अन्यायाची सल होती. डांगी बोलीत मराठी किती आणि गुजराती किती याची आजोबा उदाहरणे देत आणि मला ती पटत, कारण 'गोठ' ऐकून कोणाला 'गोष्ट' आठवणार नाही? पण आज त्या वादाकडे पाहताना दिसते की दोन्ही बाजू डांगी माणसाच्या तोंडातील प्रत्यय मोजत होत्या, आणि ती मोजणी रानाच्या मोजणीपेक्षा फार वेगळी नव्हती. इंग्रजी काळातील ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात डांगी खानदेशीच्या घरात आहे. डांगी माणसाच्या मते ती डांगी आहे. सीमारेषा पडल्यावर एकाच कुळातील एका भावाची मुले शाळेत मराठी शिकली, दुसऱ्याची गुजराती, आणि मयताला दोन्ही घरे एकत्र आली की रडणे मात्र तिसऱ्याच भाषेत होते. माझ्या विद्यार्थ्याने मला हे सांगितले तेव्हा आमच्या घरच्या सलीबद्दल मला लाज वाटली नाही, पण ती फार लहान झाली.

अलीकडे राष्ट्राच्या इतिहासात आदिवासींना जागा मिळू लागली आहे. बिरसा मुंडा यांचा जन्मदिवस, १५ नोव्हेंबर, २०२१ पासून जनजातीय गौरव दिवस म्हणून साजरा होतो. हे व्हायलाच हवे होते, आणि उशिरा झाले. तरी त्या दिवशीची भाषणे ऐकताना मला डांगच्या दोन काळांची आठवण येते. बंड इंग्रजांविरुद्ध होते एवढे आपण सांगतो, कारण ते आपल्या कथेत नीट बसते. बंड कशासाठी होते, म्हणजे नांगराखालची जमीन, रानातले सरपण, वेठ आणि सावकार, हे सांगायला लागलो की कथा १९४७ ला थांबत नाही.

एका ठिकाणी मात्र आठवण आणि कायदा यांची गाठ पडली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीला हक्क म्हणून मान्यता दिली आणि त्याच्या नियमांनी पुराव्यांच्या यादीत गावातील वडीलधाऱ्या माणसांचे लेखी नोंदवलेले निवेदनही धरले. विहिरी, दफनभूमी, देवाची ठिकाणे हीसुद्धा पुराव्यात येतात. वाघदेवाचा लाकडी खांब, ज्याला आम्ही लोककला म्हणून संग्रहालयात पाहिले, तो तेथे ताब्याचा पुरावा म्हणून उभा राहू शकतो. ज्या गोठीला इतिहासकार शंभर वर्षे 'दंतकथा' म्हणत आले, तिला कायद्याच्या कारकुनी भाषेने साधेपणाने 'निवेदन' म्हटले. माझ्या मते गेल्या काही दशकांत इतिहासलेखनाविषयी या देशात झालेल्या निर्णयांत हा फार मोठा आहे, जरी तो इतिहासाच्या खात्यात झालेला नाही. दावे फेटाळले जातात, रखडतात, नकाशे जुळत नाहीत, हे सारे मी त्या ओटीवर पाहिले. तरीही बाबा बोलत होते आणि त्यांचा नातू शासकीय नमुन्याच्या कागदावर ते लिहून घेत होता, हे दृश्य माझ्या आयुष्यातील कोणत्याही अभिलेखागारात मी पाहिले नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी वही काढली. आजोबा कोण होते ते सांगितले. बाबांनी वही हातात घेतली, उलटी-सुलटी पाहिली, आणि काय लिहिले आहे ते वाचून दाखवायला सांगितले. मी पहिला क्रमांक वाचला, तेथून दुसऱ्यापर्यंतचे अंतर वाचले. त्यांनी डोळे मिटले, ओढ्याचे वळण आणि चढण बोटाने हवेत काढली, आणि सांगितले की तो बुरुज जिथे आहे तिथे त्यांच्या आजीच्या लहानपणी डोहात मासे अडवत असत. दुसऱ्या क्रमांकापाशी मोहाची दोन जोडझाडे होती, त्यांतले एक कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला रानाचा भाग, पडला त्या साली गेले. तिसऱ्यापाशी कणसरी या धान्यदेवीला नव्या नागलीचा पहिला घास ठेवत. नातवाने निवेदनाचा कागद बाजूला ठेवला आणि नवा कोरा कागद घेऊन डाव्या बाजूला आमच्या वहीतील आकडे आणि उजव्या बाजूला आजाचे बोल अशा दोन रकान्यांत लिहायला सुरुवात केली. मधल्या एका क्रमांकापाशी बाबा थांबले, पुष्कळ वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, इथले नको लिहू. आम्ही ती जागा कोरी सोडली आणि पुढे गेलो. दिवेलागणीपर्यंत सतरा बुरुज झाले. वहीत एकशे बारा आहेत. वही मी तेथेच ठेवून आलो.